पाण्याची दही-साखर

मुलांनो, जरा डोळे मिटा. आपल्याला अशा एका गल्लीत शिरायचं आहे, जी उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

जबलपूरचा सराफा तुमच्यातल्या कुणी पाहिला असेल, कुणी नसेल. नसला तरी अडत नाही. एक चिंचोळा बोळ डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, दारात उभं राहून "या ताई, बघून तर जा" म्हणणारे दुकानदार, आणि मागून सारखा माणसांचा रेटा. आता या बोळाच्या एका टोकाला थोडी मंडळी एकदम आत सोडा. त्यांत एक मावशी आहेत, दागिन्यांच्या भारी हौशी. त्या प्रत्येक दुकानापाशी थबकणार. एक काका आहेत, ते चार दुकानं सोडून पाचव्यात डोकावणार. आणि एक पोरगा आहे, अंगाभोवती जाडजूड घोंगडी गुंडाळलेला. त्याचा हात काही कुठल्या दुकानदाराच्या हाती लागत नाही. तो सरसर चालत सगळ्यांच्या आधी बाहेर पडणार. आत शिरताना सगळे एकत्र होते, बाहेर मात्र एकेक करून आले. बोळाच्या तोंडाशी एखादा पहारेकरी बसवला, तर तो नुसतं "कोण केव्हा बाहेर आलं" एवढ्यावरून ओळखेल की आत कोण कोण होतं.

घोंगडीवाल्या पोराचं नाव फ्लोराइड. मावशींचं नाव सल्फेट, काकांचं क्लोराइड. आणि बोळ म्हणजे बारीक मण्यांनी ठासून भरलेली एक वीतभर नळी. पाण्यात विरघळलेले हे इवलेसे कण, ज्यांना आयन म्हणतात, ते वेगळे करणारं यंत्र याच युक्तीवर चालतं. उघडा आता डोळे.

आपली गोष्ट वैभवीची. ती राहायची मझौलीपासून थोड्या आतल्या एका वस्तीत. वय वर्षं अकरा, बोलण्यात पटाईत, आणि हसताना मात्र तोंडावर हात. वर्गातली बरीच पोरं तशीच हसायची. नवीन आलेल्या बाईंना वाटलं, काय ही शिस्तीची मुलं! शिस्त कसली? सगळ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. कितीही घासा, जात नव्हते.

दिवाळीला तिची आत्या जबलपूरहून आली तेव्हा तिने वैभवीचा तो हात हळूच बाजूला केला होता.

"काहून लपवते गं?"

"अच्छे नहीं दिखते, आत्या."

आत्याचं नाव शर्मिला. पाण्याची तपासणी करणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिने वैभवीचे दात निरखून पाहिले, मग अंगणात रांगोळी विस्कटत बसलेल्या तिच्या तीन वर्षांच्या भावाला, विपुलला उचललं आणि त्याचे दुधाचे दात पाहिले. ते पांढरेशुभ्र होते.

"याचे तर मोत्यासारखे आहेत," वैभवी म्हणाली.

"आत्ता आहेत. याचे पक्के दात अजून हिरड्यांच्या आत घडून राहिले. आत घडताना जे पाणी पोटात जाईल, त्याचा रंग बाहेर येताना दिसेल. तुझे असेच रंगले." आत्याने विपुलला खाली ठेवलं. "पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असं होतं. अशा हातपंपाला लाल रंग फासतात, म्हणजे पिऊ नका. तुमच्याकडे कुणी तपासलंच नाही वाटतं?"

कुणी तपासलं नव्हतं. आणि त्याच पाण्याची आता टाकी उभी राहिली होती. शाळेच्या आवारातल्या बोअरवरचा हातपंप काढून बळीरामजी ठेकेदारांनी तिथे निळी टाकी बांधली, नळ काढले. जुन्या विहिरीचं पाणी खराब नव्हतं, पण तिथवर चालावं लागे. एकदा नळ सुरू झाले की विहिरीवर कोण जाणार? रविवारी सकाळी उद्‌घाटन ठरलं. आणि वस्तीची रीत अशी की नव्या पाण्याचा पहिला पेला वस्तीतल्या सर्वांत लहान, चालत्या-बोलत्या पोराला द्यायचा. म्हणजे विपुलला.

म्हणून शनिवारी सकाळी वैभवी बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन बाबांबरोबर बसने जबलपूरला निघाली. बाटली आत्यानेच दिवाळीला देऊन ठेवली होती. सांगितलं होतं तसं वैभवीने तिला त्याच पाण्याने खळखळून विसळलं, काठोकाठ भरलं. झाकण लावणार, एवढ्यात शाळेत खिचडी रांधणाऱ्या राधाबाई वाटी घेऊन आल्या.

"काय करून राहिली वं पोरी?"

"मावशी, पानी की जांच होगी. जबलपूरला."

"म्हंजे परीक्षा! अन् परीक्षेले असंच उपाशी धाडतं का कोणी?" राधाबाईंनी वाटीत बोट बुडवलं आणि दही-साखरेचं बोट बाटलीच्या तोंडाला लावलं. "पास हो रे बाबा."

दह्याचा एक टपोरा गोळा घसरून आत गेला. वैभवी खुदकन हसली, तोंडावर हात ठेवून, आणि झाकण घट्ट बसवलं. पुढे बसच्या धक्क्यांत तिला त्याचा पार विसर पडला.

दुपारी ती आत्याशेजारी स्टुलावर बसली होती. बाबा बाजाराला गेले होते. यंत्र दिसायला अगदी साधं, दोन चपट्या पेट्या एकावर एक ठेवाव्यात तसं. पण पडद्यावर एक रेघ सरकत होती, आणि नळीतून कुणी बाहेर पडलं की रेघ फुगून टेकडी होत होती.

"ही पहिली टेकडी फ्लोराइडची," आत्या सांगत होती. "तो आकाराने लहान, पण पाण्याची घोंगडी घट्ट पांघरून चालतो. मण्यांना तो सापडत नाही, म्हणून आधी..." ती बोलता बोलता थांबली.

पहिली टेकडी टेकडीसारखी नव्हतीच. पसरट, एका बाजूला कलंडलेली, उंटाने बसकण मारावी तशी.

प्रयोगशाळेचे प्रमुख जगदीश सर मागून येऊन वाकले. माणूस वाईट नव्हता. पण दिवसाला ढीगभर नमुने उरकायचे आणि वीजबिल भरायचं, यात त्यांच्या नाकी नऊ आलेले.

"अरे, ये तो मिक्स है. फ्लोराइडबरोबर दुसरं काही तरी येऊन राहिलं. लिहून टाका, नमुना अयोग्य. दुसरा मागवा."

"सर, उद्या सकाळी टाकी सुरू होते."

"मग सोमवारी मागवा. शर्मिलाजी, बळीरामजी आपले जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या टाकीवर असा अर्धामुर्धा रिपोर्ट गेला, तर मला काय उत्तर देता येईल?"

सर त्यांच्या खोलीत निघून गेले. आत्या पडद्याकडे बघत राहिली. "हे दुसरं कोण आहे? बोअरच्या पाण्यात या जागी येणारं काही नसतं. सिरका, आंबलेलं काही... वैभवी, बाटली नीट विसळली होती ना?"

वैभवीला एकदम राधाबाईंचं बोट आठवलं. ती सांगायला तोंड उघडणार, तर आधी हातच तोंडावर गेला. न सांगावं तर नमुना रद्द. सांगावं तरी रद्दच. पण आत्या त्या उंटाकडे अशी बघत होती, की वैभवीला राहवलं नाही.

"आत्या, उसमें दही है."

"काय?"

"दही-शक्कर. राधाबाई मावशीने लावली. पानी की परीक्षा है ना, इसलिए."

आत्या अशी हसली, की स्टूल करकरलं. "अगं देवा! पाणी दही खाऊन परीक्षेला आलं! दह्यात लॅक्टिक आम्ल असतं. त्याचा आयन म्हणजे लॅक्टेट. तो चालतो फ्लोराइडच्या खांद्याला खांदा लावून. बरोबर, हाच तो उंट."

"मग आता रद्द?"

आत्याने ओढणी खांद्यावर घट्ट खोचली. "रद्द काहून? दोघं गळ्यात गळे घालून बाहेर येतात म्हणून दोघांचा एकच माणूस होतो का? सोडवू त्यांना. दह्याने काही फ्लोराइड वाढत नाही."

आता इथे जरा थांबा आणि तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? वैभवीने सांगितलं, "दोनों को धीरे चलाओ." आत्या म्हणाली, चल, बघू. नळीतून जे वाहक पाणी सारखं वाहत असतं, त्याचा वेग तिने कमी केला. दोघी वाट बघत बसल्या. टेकडी उशिरा आली, जरा आणखी पसरट आली, आणि तशीच जोडलेली आली.

"असं कसं?" वैभवी चिडली.

"अगं, दोघांनाही सारखंच हळू चालवलं आपण. दोस्त सावकाश चालले म्हणून दोस्ती तुटते का?" आत्या म्हणाली. "सराफ्यातला रेटा आठव. मागून लोंढा जोरात ढकलत असेल, तर हौशी असो की घाईचा, सगळे एकदमच बाहेर फेकले जातात. माझ्या या वाहक पाण्यात सोड्याचे क्षार आहेत. ते मण्यांवरची जागा बळकावतात आणि बाकीच्यांना पुढे हाकलतात. आपलं रोजचं पाणी कडक असतं, कारण सगळ्यांना घाई. तेच पातळ केलं तर?"

वैभवीने डोळे मिटले. बोळातली गर्दी विरळ झाली. "तर ज्याला थांबायचंय तो थांबेल," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण अभ्यासाचं काही ती एरवी शाळेतल्या हिंदीतच बोलायची, हे मात्र मराठीत म्हणाली होती.

"शाब्बास! गर्दी हटली की ज्याचा त्याचा स्वभाव कळतो."

आत्याने वाहक पाणी पातळ करून नवीन बाटली लावली. रेघ स्थिर व्हायला वेळ लागला. असं पाणी बदललं की यंत्रालाही सवय व्हावी लागते. घाईने नमुना सोडला तर रेघच थरथरते, आणि थरथरत्या रेघेवर टेकड्या मोजणं म्हणजे हलत्या होडीत सुईत दोरा ओवणं. दोघींनी तोवर चहा घेतला. मग नमुना सोडला. या वेळी उंटाच्या पाठीला खाच पडली. दोन कुबडं दिसू लागली, पण मधली दरी अजून उथळ होती.

"अजून पातळ कर ना!"

"करते. आणि नमुनाही थोडाच सोडते. दारातून एकदम खूप जण घुसले तर बाहेर येणारी रांगही लांबते."

नेमके तेव्हाच जगदीश सर आले आणि लावलेली बाटली बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय चाललंय? इतक्या पातळ पाण्यात सल्फेट बाहेर यायला किती वेळ लागेल? बाकीचे नमुने रांगेत आहेत."

"सल्फेट राहू द्या सर आत. माझं काम झालं की कडक पाणी सोडून नळी धुऊन देईन, मग बाकीचे नमुने संपवूनच घरी जाईन. माझा शनिवार आहे, मी तो कुठेही घालवीन."

"आणि दह्याचं खरं असेल कशावरून? लहान पोरगी सांगते म्हणून?"

वैभवी स्टुलावरून खाली उतरली. "तर मग दही पण पळवून बघा ना, सर. नुसतं दही. साफ पाण्यात."

"मशीनमध्ये दही? तुमचा दिमाग ठिकाणावर आहे का दोघींचा?"

"गाळून घालू," आत्या म्हणाली, आणि सर काही म्हणायच्या आत तिने समोरच्या दूधवाल्याकडून मातीच्या कुल्हडात दही मागवलंसुद्धा. शुद्ध पाण्यात दह्याचा कण ढवळला, बारीक गाळणीतून पिचकारीने गाळला, आणि यंत्रात सोडला. सर निघून गेले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले.

रेघ सरकत गेली. फ्लोराइडची जागा आली, आणि सपाट निघून गेली. तिथे काहीच नव्हतं. थोडं पुढे एक गोल टेकडी वर आली.

"ये रहा दही!" वैभवी ओरडली.

मग बाटलीतलं पाणी पुन्हा सोडलं. आधी एक उंच, टोकदार टेकडी. रेघ पार तळाला टेकली. नंतर दह्याची गोल टेकडी, अगदी मघाच्याच जागी. मध्ये स्वच्छ सपाट मैदान. त्यात एखादी पोरटोरांची क्रिकेटची मॅच झाली असती.

आत्या तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्याच पाण्यात मोजून थोडं फ्लोराइड स्वतः घातलं आणि पुन्हा सोडलं. टोकदार टेकडी तेवढीच वाढली, गोल टेकडी जागची हलली नाही. "आता चेहराही पटला आणि नावही," ती म्हणाली. मग तिने हिशेब केला. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. बोअरच्या पाण्यात तीनाच्या वर होतं.

जगदीश सर पडद्याजवळ वाकले. "काम अच्छा है," ते हळूच म्हणाले. "पण बाटलेल्या नमुन्यावर मी शिक्का देऊ शकत नाही. नियम आहे."

"नियम बरोबर आहे, सर. म्हणून मी सगळं लिहीन. दही लिहीन, ते कसं सोडवलं ते लिहीन, नवीन नमुना घ्या असंही लिहीन. आणि तोवर हे पाणी पिऊ नका, हेही लिहीन. शिक्का तुमचा आहे, तो तुम्ही ठेवा. डोळे माझे आहेत. त्यांनी जे पाहिलं त्याखाली मी सही करणार."

"नोकरीचा विचार केला?"

"केला. त्या पोराच्या दातांचा पण केला."

सर दाराकडे वळले. जाताना त्यांनी यंत्राच्या खोलीचा पंखा मात्र दोघींकडे वळवला.

रविवारी सकाळी शाळेचं आवार झेंडूच्या माळांनी सजलं होतं. आत्या रात्रभर नळी धुऊन उरलेले नमुने संपवत बसली होती, म्हणून ती येऊ शकली नव्हती. कागद वैभवीच्या हातात होता. बाबांनी तो आदल्या संध्याकाळीच बळीरामजींच्या घरी नेऊन दाखवला होता. "कल देखेंगे, अंबादासजी," एवढंच उत्तर मिळालं होतं.

नळाला हळदीकुंकू वाहिलं. नारळ फुटला. बळीरामजींनी पितळी पेला नव्या नळाखाली धरला, भरला, आणि हाक दिली, "कहाँ है हमारा छोटा राजा?"

आईच्या कडेवरून विपुल उतरला आणि दुडूदुडू पुढे निघाला. वैभवी त्याच्या आणि पेल्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"चाचाजी, यह पानी नहीं पीना है. इसमें लिखा है."

बळीरामजींनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग हसून तो सगळ्यांना दाखवला. "शिक्का कहाँ है, बिटिया? और ये क्या लिखा है, दही? पानी में दही?" माणसं हसली. मागे उभ्या राधाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"दही म्याच घातलं जी," त्या पुटपुटल्या, पण ऐकलं कुणी नाही.

"बिना ठप्पे का कागज तो पतंग के काम का है," बळीरामजी म्हणाले. "हट बेटा, मुहूर्त निकल रहा है."

वैभवीला वाटलं, आपण त्याच सराफ्यात आहोत. मागून रेटा येतोय, हसण्याचा, मुहूर्ताचा, मोठ्या माणसांचा. सगळ्यांना एकदम बाहेर ढकलणारा. तिने ठरवलं, आपण थांबायचं.

तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला होता. तो तिने खाली घेतला. आणि ओठ मागे ओढून, सगळे दात दाखवत, ती बळीरामजींकडे बघून हसली. उन्हात ते तपकिरी पट्टे स्पष्ट दिसत होते.

"शिक्का पाहिजे ना? हा बघा. याच बोअरचा हातपंप होता शाळेत. विपुलएवढी होते तेव्हापासून पिऊन राहिले मी." ती मागे उभ्या वर्गातल्या पोरांकडे वळली. "ए शेवंता, हात काढ. राखी, तू पण. दाखवा चाचाजींना."

आधी शेवंताने हात काढला. मग राखीने. मग रांगेतल्या पोरांनी एकामागून एक. कुणी हसत नव्हतं, पण सगळ्यांची तोंडं उघडी होती.

बळीरामजींचा पेला धरलेला हात तसाच राहिला. विपुलने मात्र आपले दोन्ही हात वर केले होते. त्याला तहान लागली होती.

तेव्हा वैभवीने काय केलं, ऐका. तिने तो पेला बळीरामजींच्या हातातून काढून घेतला, पूजेच्या ताटातल्या कुंकवावर उपडा केला, तळव्याने ते कालवून लाल केलं, आणि चवड्यांवर उभी राहून नव्याकोऱ्या नळाला, तोंडापासून चावीपर्यंत, लाल रंग फासायला सुरुवात केली.